लिनक्सवर वायरचं नेट सारखं तुटतंय, मिंट पुन्हा टाकू का?

माजघर | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. तीन दिवस झटतोय, आता तुम्हालाच विचारतो.

घर वाईतलं, जुना वाडा. भिंती दोन फूट जाडीच्या, दगड-मातीच्या. राउटर पुढच्या सोप्यात आणि कॉम्प्युटर माजघरामागच्या खोलीत. वायफाय तिथवर पोचतच नाही. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी २० मीटरभर लॅनची वायर केसिंग पट्टीतून आत नेली आणि खोलीच्या भिंतीवर सॉकेट बसवून घेतलं. तिथून छोट्या वायरीने कॉम्प्युटरला.

डेस्कटॉप २०१७चा, त्यावर लिनक्स मिंट. लॅन कार्ड मदरबोर्डवरचंच. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. शुक्रवारपासून 'वायर्ड कनेक्शन तुटलं' असं येतं, दहा सेकंदांनी 'जोडलं गेलं', की पुन्हा तुटतं. मध्येच अर्धा तास अगदी छान चालतं. पत्नी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. शनिवारी स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय सुरू असताना चार वेळा वर्ग तुटला, शेवटी तिने फोनवर सांगून पूर्ण केलं.

आतापर्यंत केलेलं: डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलून ८.८.८.८ केला, नेटवर्क मॅनेजर पुन्हा इन्स्टॉल केला, कनेक्शन काढून नवं केलं, आयपीव्ही६ बंद केलं, राउटर तीनदा बंद-चालू केला. सोप्यात मोबाइलवर नेट उत्तम आहे. आता मिंटच पुन्हा टाकावं असं वाटतंय. त्याआधी कुणी काही सुचवेल का?

पारवा | सोमवार, रात्री १०:२२

मिंट पुन्हा टाकू नका. थांबा.

कर्नेलकाका | सोमवार, रात्री १०:५१

माजघर, तुम्ही सगळे उपाय वरच्या मजल्यावर केलेत. तळमजला अजून कुणी पाहिलेलाच नाही.

नेटवर्क खालून वर तपासायचं. आधी वायर आणि दिवा, मग आयपी पत्ता, मग राउटरपर्यंत पिंग (हाक मारून उत्तर येतं का बघायचं), मग बाहेर ८.८.८.८ला पिंग, आणि सगळ्यात शेवटी नावाने पिंग. जी पायरी पहिल्यांदा अडते, दुखणं तिथे किंवा तिच्या खाली. आकड्याला पिंग जातं आणि नावाला जात नाही, तेव्हा डीएनएसकडे बघायचं. तुमच्याकडे 'कनेक्शन तुटलं' असंच येतंय, म्हणजे डीएनएसचा यात संबंध येण्याचं कारण दिसत नाही.

टर्मिनल उघडून तीन गोष्टी बघा आणि इथे सांगा.

'आयपी लिंक' दिलं की कार्डांची यादी येते. तुमचं कार्ड ईएनपी३एस० अशासारख्या नावाचं असेल. नेट तुटलेलं असताना त्या ओळीत 'नो-कॅरिअर' दिसतं का? दिसलं, तर समोरून विजेचा संकेतच येत नाहीये. मग सेटिंगमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग नाही.

दुसरं, 'ईथटूल' आणि पुढे कार्डाचं नाव. त्यात 'स्पीड' किती आणि 'लिंक डिटेक्टेड'पुढे हो की नाही.

तिसरं, सुडो लावून 'डीमेसेज'. कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, रोजनिशी आहे ती. कार्डाच्या नावाच्या सगळ्या ओळी वाचा, शेवटच्या दोनच नकोत.

आणि टर्मिनलच्याही आधी, कॉम्प्युटरच्या मागे वाकून पोर्टाचे दिवे बघा.

निर्मला७१ | सोमवार, रात्री ११:०४

काका, हे खालून वर प्रकरण मला फार पटलं. मी साठीनंतर लिनक्स शिकले आणि दर वेळी आधी डीएनएसच बदलत आले. उद्यापासून आधी दिवा.

सह्यगिरी | सोमवार, रात्री ११:३०

मदरबोर्डवरचं कार्ड म्हणजे बहुतेक आर८१६९ ड्रायव्हर. शुक्रवारी अपडेट आलं होतं का? कर्नेल बदलला असेल तर बूट करताना ग्रबच्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन जुन्या कर्नेलने चालू करून बघा. जमलं नाही तर चिप बनवणाऱ्यांचा वेगळा आर८१६८ ड्रायव्हर टाका.

कर्नेलकाका | सोमवार, रात्री ११:४२

जुना कर्नेल बघायला हरकत नाही, पाच मिनिटांचं काम आणि परत येता येतं. ड्रायव्हर बदलणं मात्र आत्ता नको. तो डीकेएमएसने बांधावा लागतो, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर पुन्हा बांधला गेला पाहिजे. एखाद्या अपडेटला ते फसलं की नेटच नाही, आणि दुरुस्तीचं पॅकेज उतरवायलाही नेट नाही. लक्षणं कळल्याशिवाय एवढं मोठं औषध द्यायचं नाही.

माजघर | मंगळवार, सकाळी ७:१०

काका, तुटलं तेव्हाच पाहिलं. 'नो-कॅरिअर' आहे! दिवाही तेवढा वेळ पूर्ण विझतो. मग हिरवा लागतो, शेजारचा केशरी कधी लागतो, कधी नाही. ईथटूलमध्ये एकदा १००० दिसलं, दहा मिनिटांनी १००. जुन्या कर्नेलनेही तेच.

डीमेसेजमध्ये 'लिंक इज डाउन', 'लिंक इज अप' यांची रांगच आहे. बाकी अजून वाचलं नाही, शाळेत जायची घाई आहे.

गोंयकार | मंगळवार, सकाळी ९:२५

त्याच कॉम्प्युटरवर विंडोजही आहे का? माझ्याकडे पणजीत असंच झालं होतं. विंडोजमध्ये कार्डाच्या सेटिंगांत 'शटडाउन वेक-ऑन-लॅन' असा पर्याय असतो. तो चालू असेल तर बंद करताना कार्ड एका वेगळ्या झोपेच्या अवस्थेत जातं. लगेच लिनक्स चालू केलं की काही कार्डं त्या झोपेतून नीट उठत नाहीत. मी पॉवरची वायर काढून, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, दोन मिनिटं थांबलो. परत लावलं आणि दिवा लागला. मग तो पर्याय बंद केला, तेव्हापासून त्रास नाही.

माजघर | मंगळवार, दुपारी ४:४०

आहे हो! मुलगा गुरुवारी रात्री विंडोजमध्ये गेम खेळला होता. आणि शुक्रवारपासूनच हे सुरू. आत्ता तुम्ही सांगितलंत तसं केलं. पॉवर काढली, थांबलो, मागची वायरही नीट खोचली. ४५ मिनिटं झाली, एकदाही तुटलं नाही. देव बरें करूं!

पारवा | मंगळवार, दुपारी ४:५५

अभिनंदन. मुलाला ओरडू नका.

उंबरठा | मंगळवार, सायंकाळी ६:०५

निघालोच आहोत विषयावर तर माझाही एक अनुभव. डोंबिवलीला असताना जुनं लॅन कार्ड गेलं, नवं टाकलं. दिवा लागला, पण नेट काही मिळेना. दोन दिवस लिनक्सशी झगडलो. शेवटी कळलं की आमचा केबलवाला ग्राहकाच्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून ठेवतो, त्याखेरीज दुसऱ्याला नेट देत नाही. फोन करून नवा पत्ता सांगितला आणि मिनिटात सुरू. ज्यांची वायर राउटरशिवाय थेट कॉम्प्युटरला येते त्यांनी हे ध्यानात ठेवावं. नेटवर्क मॅनेजरमध्ये वायर्ड कनेक्शनच्या सेटिंगला 'क्लोन्ड मॅक' असा रकाना असतो, तिथे जुना पत्ता भरूनही भागतं.

सांजवेळ | मंगळवार, सायंकाळी ६:३२

उंबरठा, माझं वेगळंच. ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि नेट गेलं. लॅन कार्डाला हातही लावला नव्हता! ईएनपी३एस० या नावातला ३ म्हणजे पीसीआय बसचा क्रमांक. नवं कार्ड आल्यावर क्रमांक सरकले आणि तेच लॅन ईएनपी४एस० झालं. मी हाताने लिहिलेली सेटिंग जुन्या नावावर होती. 'आयपी लिंक' पाहिलं असतं तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं.

माजघर | मंगळवार, रात्री ८:५०

मंडळी, पुन्हा तुटलं. वर्ग ७ला सुरू झाला आणि ७:२० ते ७:४० मध्ये सहा वेळा गेलं. पत्नी आता फोनच्या हॉटस्पॉटवर सोप्यात बसून शिकवते आहे. उद्या उजळणी आहे, त्या आधी काहीतरी करायलाच हवं.

डीमेसेज पूर्ण वाचलं. एक ओळ वेगळी सापडली. १ जीबीपीएस ठरलं होतं, प्रत्यक्षात १०० एमबीपीएस, असं काहीतरी 'डाउनशिफ्ट' म्हणून लिहिलंय, आणि शेवटी 'चेक केबलिंग'.

कर्नेलकाका | मंगळवार, रात्री ९:१४

सापडलं! कर्नेल स्वतःच सांगतोय की केबल तपासा.

हे नीट समजावून सांगतो, कारण अनेकांना कोडं पडतं की वायर खराब असेल तर मध्येमध्ये चालते कशी.

लॅनच्या वायरीत आठ तारा, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, कनेक्टरमधल्या १-२ आणि ३-६. १००० ला चारही लागतात. आता, वायर जोडली की दोन्ही टोकं आधी आपापसांत ठरवतात की कुठल्या वेगाने बोलायचं. ही बोलणी फक्त १-२ आणि ३-६ वरूनच होतात. त्या जोड्या धड असतील तर दोघंही आनंदाने १००० ठरवतात. मग प्रत्यक्ष १००० चालू करायला जातात आणि ४-५ किंवा ७-८ची जोडी साथ देत नाही. लिंक पडते. पुन्हा बोलणी, पुन्हा १०००, पुन्हा पडते. चिप शहाणी असेल तर काही प्रयत्नांनंतर स्वतःच १००वर उतरते. तोच हा डाउनशिफ्ट.

जोडी पूर्ण तुटलेली असती तर तुमची लिंक कायम १००वर बसली असती. ती कधी १०००वर जाते, कधी पडते, म्हणजे तार अर्धवट टेकते आहे. दुपारी तुम्ही मागची वायर खोचलीत, तिला धक्का बसला, तार टेकली, ४५ मिनिटं चाललं. पॉवर काढल्याचा तो परिणाम नव्हता असं माझं मत.

गोंयकार | मंगळवार, रात्री ९:२०

पटलं काका. माझ्याकडे दिवा सरळ बंदच होता, मध्येच लागणं-विझणं नव्हतं. मी घाई केली.

सह्यगिरी | मंगळवार, रात्री ९:३१

उद्याच्या वर्गासाठी तात्पुरता उपाय: ईथटूलने वेग १०० करा, डुप्लेक्स फुल (दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात; हाफमध्ये आळीपाळीने), ऑटो (वेगाची आपोआप बोलणी) बंद. दोन जोड्यांवर बिनघोर चालेल. व्हिडिओच्या वर्गाला १०० रग्गड झाले.

कर्नेलकाका | मंगळवार, रात्री ९:३८

१००वर बांधायची कल्पना अगदी योग्य. पण ऑटो बंद करू नका! एका टोकाने बोलणी बंद केली की राउटरला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स मात्र कळत नाही. नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. इकडे फुल, तिकडे हाफ. दिवा लागलेला, पिंगही जातं, आणि जरा भार आला की सगळं रखडतं. वर्गाच्या मध्येच नेमकं तसं होईल.

त्यापेक्षा ऑटो चालूच ठेवून आपल्या बाजूने फक्त १०० फुल जाहीर करायचं. ईथटूल, उणे एस, कार्डाचं नाव, मग 'अ‍ॅडव्हर्टाइझ' आणि ०एक्स००८. या सगळ्याच्या आधी सुडो हवं. रीस्टार्ट केल्यावर हे आपोआप निघून जातं, म्हणजे विसरलात तरी काही अडकून राहणार नाही.

सह्यगिरी | मंगळवार, रात्री ९:४४

मान्य. डुप्लेक्सचं लक्षातच आलं नाही. माजघर, काकांचंच करा.

दूरदेशी | मंगळवार, रात्री ११:५५

म्युनिकहून. आमचंही घर जुनं, भिंती जाड. मी वायर न टाकता विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर लावलेत, ठीक चालतात. माजघर, तोही पर्याय बघा.

उंबरठा | बुधवार, सकाळी ८:०२

वाड्याची वीज दोन वेगळ्या फेजवर असेल तर पॉवरलाइन रडतं. आणि घरात २० मीटरची वायर आधीच आहे. तिचा दोष शोधणं स्वस्त पडेल.

कोकणपाऊस | बुधवार, सकाळी ८:४०

दोष नेमका कुठे ते असं शोधा. आधी सॉकेटपासून कॉम्प्युटरपर्यंतची छोटी वायर बदलून बघा. मग कॉम्प्युटर उचलून सोप्यात न्या आणि छोट्या वायरीने थेट राउटरला लावा. तिथे १००० टिकलं तर कार्डही ठीक, राउटरचा पोर्टही ठीक. उरली भिंतीतली वायर आणि तिची दोन टोकं.

मग इलेक्ट्रिशियनकडून आठ दिव्यांचा लॅन टेस्टर आणा. एक भाग या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि दिवे १ ते ८ ओळीने लागतात. एकाने दिव्यांकडे बघायचं, दुसऱ्याने वायर सॉकेटजवळ हलकेच हलवायची. न हलवता टेस्टर 'सगळं ठीक' म्हणतो, फसू नका.

आम्ही गुहागरला राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे वायर क्वचितच जाते, टोकं जातात. तांब्यावर हिरवं चढतं. तुमचं सॉकेट ओल येणाऱ्या भिंतीवर आहे का?

पारवा | बुधवार, सकाळी ९:१५

माझा होरा उंदरावर. वाडा आहे, माजघर आहे, पोटमाळा असणार. मामा वायर कुरतडल्याशिवाय राहायचे नाहीत.

निर्मला७१ | बुधवार, सकाळी ९:४०

माझा ओलीवर. लावताय का एक कप चहा, पारवा?

पारवा | बुधवार, सकाळी ९:४२

लागला.

माजघर | बुधवार, रात्री ९:३०

आज वर्ग दीड तास चालला, एकदाही तुटला नाही! अ‍ॅडव्हर्टाइझची ती एक ओळ दिली आणि लिंक १००वर घट्ट बसली. पत्नीने काका आणि सह्यगिरी दोघांनाही नमस्कार सांगितलाय. शनिवारी मोकळा आहे, तेव्हा कोकणपाऊस म्हणतात तसं करतो. आणि हो, सॉकेट न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिथला चुना फुगलाय.

कोकणपाऊस | बुधवार, रात्री ९:५२

मग उघडाच ते.

माजघर | शनिवार, दुपारी २:२०

सविस्तर लिहितो, तुमचा सगळ्यांचा वेळ गेलाय यात.

छोटी वायर बदलली, फरक नाही. कॉम्प्युटर सोप्यात नेला, रीस्टार्ट करून राउटरला लावला. १०००, तासभर हललं नाही. मग टेस्टर लावला. मुलगा सोप्यात, मी आत. १ ते ८ सगळे दिवे लागले. मी सॉकेटची वायर जराशी दाबली तर तिकडून ओरडला, "बाबा, सात गेला! आला! पुन्हा गेला!"

सॉकेटचे दोन स्क्रू काढले. मागून ओला, मातकट वास आला. प्लास्टिकच्या डबीत तळाशी चुन्याची पूड साठलेली. जॅकच्या मागे आठ तारा खाचांमध्ये दाबलेल्या असतात. त्यातल्या सहा स्वच्छ. शेवटच्या दोन, म्हणजे तपकिरी जोडी, भिंतीच्या बाजूला. त्यांच्या खाचांवर जुन्या तांब्याच्या भांड्यावर येतो तसा हिरवा कळंक. नखाने पांढरी-तपकिरी तार ढकलली तर ती खाचेतून अलगद बाहेर आली, टोक काळं पडून तुटलेलं. नुसती टेकून होती इतके दिवस.

वायर इंचभर कापून मागची ताजी घेतली. नवा जॅक बाजारात ऐंशी रुपयांना मिळाला. दुकानदाराने पंचिंग टूल दोन तासांसाठी दिलं. जॅकवर रंगांच्या दोन खुणा असतात, अ आणि ब. सोप्यातलं टोक पाहिलं, ते ब प्रमाणे होतं: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तसंच इकडे केलं. डबी भिंतीवर न बसवता लाकडी पट्टीवर, जमिनीपासून दोन फूट वर, कोरड्या बाजूला आणली.

आता १०००. दोन कॉम्प्युटरांत आयपर्फने मोजलं, ९४० एमबीपीएस मिळाले. डीमेसेजमध्ये नवा जॅक लावल्यापासून एकच 'लिंक इज अप'.

निर्मला७१ | शनिवार, दुपारी २:२८

पारवा, आलं घालून.

कर्नेलकाका | शनिवार, दुपारी ३:१०

फार छान काम केलंत. ९४० म्हणजे गिगाबिटवर प्रत्यक्षात मिळायचे तेवढे मिळाले, बाकीचे पॅकेटांच्या वेष्टनात जातात.

एकच राहिलं. पहिल्या तीन दिवसांत केलेले बदल परत घ्या. आयपीव्ही६ चालू करा, डीएनएस होता तसा राउटरकडून येऊ द्या. नाहीतर सहा महिन्यांनी वेगळंच काही अडेल आणि हे बदल कुणाच्या लक्षात नसतील. अ‍ॅडव्हर्टाइझचं काही करायला नको, ते तुमच्या रीस्टार्टबरोबरच गेलं.

दूरदेशी | शनिवार, सायंकाळी ५:४५

माजघर, सोप्यातल्या टोकाचा जॅकही उघडून पाहिलात का? वय तेच असणार.

माजघर | शनिवार, रात्री ८:०५

आत्ताच पाहिला, आठही तारा लख्ख आहेत. ती भिंत कोरडी. आयपीव्ही६ आणि डीएनएस पूर्ववत केले काका. न्हाणीघराच्या भिंतीसाठी गवंडी सोमवारी येतोय.